टाका पाठव

नावडे,
६ नोव्हेंबर २०२३

ती. अक्कास,
अंकुशचा सप्रेम जय भीम वि. वि.

तुझं पार्सल मिळालं. दर वर्षी धम्मचक्र दिनाला मला चपला पाठवायचा तुझा नेम यंदाही चुकला नाही, उशीर केला तो पोस्टाने. जोड फार सुंदर आहे. तुमच्या चपला करणाऱ्या ज्ञानूने या वेळी कडेला ठिपक्यांची नक्षी काढलीय. असल्या नवरदेवाच्या चपला घालून कळंबोलीच्या ट्रकवाल्यांत कसं फिरू, असं मी गीताला म्हणालो. मापात अगदी बरोबर बसल्या. तू विचारशीलच म्हणून आधीच लिहितो, साखर ठीक आहे, पाय ठीक आहेत. काळजी करू नकोस.

फोनवर तुला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू भलतंच ऐकतेस, तेव्हा कामाचं पत्रातच विचारतो. मला नवीन मशीन घ्यायचंय. ट्रकच्या सीटचं काम आटलं. नव्या गाड्यांच्या केबिनी कंपनीतूनच सजून येतात, आपल्याकडे येतो तो फाटका जुना माल. पण खारघरचे गाडीवाले सीटला खरं लेदर मागतात आणि ते आपल्या जुन्या मशीनला झेपत नाही. त्याचे फक्त खालचे दात माल ओढतात. रेक्झिन कसंबसं सरकतं, लेदरचा वरचा थर मात्र जागीच बसून राहतो आणि शिवण संपते तेव्हा एक बाजू बोटभर लांब निघते. शिवाय मोटर अशी माजलेली की पाय जरा जड पडला की सुसाट.

तू आयुष्यभर शिवणक्लास चालवलास, मलाही तूच शिकवलंस. तेव्हा सांग, सपाट टेबलाचं घेऊ की गोल हाताचं? आणि मोटर कुठली?

आणखी एक. माझ्या ओळखीत एक कारागीर आहे. त्याला उजव्या पायाने पॅडल मारता येत नाही. डाव्या पायाने त्याला जमेल का? सहज विचारतोय.

शुभदाला आशीर्वाद. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
अंकुश

*

नावडे,
९ नोव्हेंबर २०२३

चि. शुभदास,
गीतांजली मामीचे अनेक आशीर्वाद व जय भीम.

शाळेच्या पत्त्यावर पत्र बघून दचकू नकोस. घरी फोन केला तर मामी काय म्हणाली ते तुझी आई तुला ओरडून सांगायला लावते, आणि मेसेज करावा तर संध्याकाळभर तुझा मोबाईल त्यांच्याच हातात असतो. म्हणून हा जुना मार्ग.

बाळा, तुझ्या मामांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढला. सप्टेंबरात. शांतपणे लिहायचं ठरवलं होतं, पण याला शांत शब्द कुठून आणू?

दुकानात सीटवर रेक्झिन ठोकतात त्या बंदुकीच्या पिना जमिनीवर सांडलेल्या असतात. मामा मशीनवर अनवाणी बसतात, हे तुला माहीत आहे. एक पिन तळव्यात घुसली आणि साखरेने बधिर झालेल्या पायाला ती कळलीच नाही. मोज्याला वास यायला लागला तेव्हा मी बघितलं. पुढचं सगळं तुझ्या बाबांच्या वेळी तू पाहिलेलंच आहेस. आधी बोटं, मग टाच, मग डॉक्टर म्हणाले आता वाट बघण्यात अर्थ नाही.

अक्कांना सांगायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातलीय. तुझे बाबा गेले तेव्हा अक्कांनी मामांकडून पाय जपायचं वचन घेतलं होतं आणि तेव्हापासून चपला पाठवायला लागल्या. आता एक पाय गेला म्हटलं की अक्का त्याच्या पुढचंही धरून चालतील, असं मामा म्हणतात. मला लपवणं पटत नाही. पण हा माणूस दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो आणि मशीनचा विषय निघाला तरच उठून बसतो. त्याचं ते एवढंच उरलंय. पुन्हा मशीनवर बसता आलं तर माणूस राहील, नाहीतर माझ्या डोळ्यांदेखत संपेल, असं मला वाटतं.

नव्या जोडातली डावी चप्पल दारात ठेवलीय. उजवी मी कपाटावर टाकली. बघवत नाही.

तुझ्यापाशी बोलले, बरं वाटलं. लोभ असू दे.

तुझी,
मामी

*

वसमत,
२२ नोव्हेंबर २०२३

चि. अंकुश यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद. जय भीम.

पत्र मिळालं. चपला मापात बसल्या हे वाचून बरं वाटलं. आमचा ज्ञानू म्हणत होता की मामांचा पंजा वयानं पसरला असेल, वाढीव घेऊ. मी म्हटलं, माझ्या भावाचा पाय मला ठाऊक आहे.

आता मशीन. मी ब्लाउज आणि झबली शिकवणारी बाई, माझं लेदरचं ज्ञान ते काय! तरी शुभदाच्या मोबाईलवर चार संध्याकाळ मशीनंच बघितली. तिला वाटलं आई पुन्हा क्लास काढतेय. तुला हवंय त्याला वॉकिंग फूट म्हणतात, म्हणजे चालता पाय. खालचे दात, सुई आणि वरचा पाय तिघं एकदम पुढे सरकतात, त्यामुळे एकही थर मागे रेंगाळत नाही. गाड्यांच्या सीटला टेबल सपाटच घे. गोल हाताचं मशीन बॅगा आणि पिशव्या करणाऱ्यांना ठीक, तुझ्या लांबच्या लांब पट्ट्या त्याच्यावरून लोंबकळतील. मोटर मात्र हळू चालणारी घे. पाय ठेवला तेवढंच चालली पाहिजे, एक टाका म्हटलं तर एकच टाका.

दुकानदाराच्या चिंधीवर भाळू नकोस. ते आपला मऊ तुकडा शिवून दाखवतात आणि आपण माना डोलावतो. तुझ्याकडचं सगळ्यात चिवट कातडं घरून ने. दोन थर घाल, कोपऱ्यावर चार घाल. स्वतः बस. आणि टाका मला पाठव. हातात घेऊन पालथा केल्याशिवाय मी काही सांगणार नाही, ते काही फोनवर दिसत नाही.

बसताना चप्पल काढून बस, हे सांगायला नको. पॅडल तळपायाला कळलं पाहिजे. आठवतं का, तुझे पाय पॅडलपर्यंत पोचायचे नाहीत तेव्हा पॅडल मी मारायची आणि कापड तू धरायचास? तोंडात टाचण्या धरलेल्या, त्यामुळे तुला बोलता यायचं नाही. थांब म्हणायचं झालं की माझ्या गुडघ्याला हात लावायचास. आई म्हणायची, दोघं मिळून एक शिंपी झालाय. आता तर तू बोललास तरी मला तसंच कळेल!

तुझ्या त्या कारागिराचं. डावा पाय काही मुका नसतो, त्याला कुणी काम सांगितलेलं नसतं एवढंच. पण खरं सांगू? त्याला फार आशा लावू नकोस. तुझ्या दाजींना आपण तीनचाकी आणली होती. एकदा बसले, आणि मग ती अंगणातच गंजली. पाय गेलेल्या माणसाला सगळे वस्तू आणून देतात, पण उठावंसं वाटणं कुणाला आणून देता येत नाही. त्याच्या घरच्यांना सांग, त्याला जपा.

गीताला आशीर्वाद. तुमच्या लेकीचा, संघप्रियाचा अभ्यास कसा चाललाय? पत्राची वाट बघते. लोभ आहेच, तो वाढता राहो.

तुझी,
अक्का

*

नावडे,
१८ डिसेंबर २०२३

ती. अक्कास,
सप्रेम जय भीम वि. वि.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. कारागिराला तुझा निरोप सांगितला.

तू म्हणालीस तसं सगळं केलं. आपल्या ओळखीच्या एका टेम्पोवाल्याबरोबर धारावीला मशीनच्या दुकानात जाऊन आलो. रूपेश नावाचा पोरगेला विक्रेता होता, तोंडाने मशीनपेक्षा फास्ट. त्याने तीन दाखवली. पहिलं साध्या दातांचं, पण मोठ्या बॉबिनचं. ते आपल्या जुन्याचंच धाकटं भावंड निघालं, कोपऱ्यावर चार थर आले की धापा टाकायला लागलं. दुसरं गोल हाताचं. दिसायला देखणं, पण सीटची पट्टी धरायला दुसरा माणूस लागेल. तिसरं तुझं चालत्या पायाचं, सपाट टेबलाचं. मोटर इतकी गरीब की पॅडलवर पाय असूनही गप्प बसते. सुई हाताने चाक फिरवावं तशी एकेक टाका खाली आणता येते. रूपेश सारखा म्हणत होता, काका, टेन्शन लेने का नहीं, ये मशीन खुद चलता है. मला हसू आलं. म्हटलं, चला, घरात कुणाचा तरी पाय चालेल.

सोबत टाका पाठवतोय. घरून नेलेल्या चिवट कातड्यावर शिवलाय. दोन थर आहेत, एका टोकाला चार. पालथा करून बघ, खालचा दोरा कुठे सैल नाही. मी स्वतः बसून शिवलाय. तू हो म्हटलंस की घेतो.

इकडे थंडी नावापुरती आहे. तळोज्याच्या कारखान्यांचा वास सकाळी जास्त येतो, तेवढंच. तब्येत ठीक. कृपादृष्टी असू दे.

तुझा,
अंकुश

*

वसमत,
२ जानेवारी २०२४

अंकुश,

टाका मिळाला. मशीन चांगलं आहे, घे.

आता माझं ऐक. हे कातडं मी ओळखलं. ज्ञानूच्या दुकानात बसून मी ते स्वतः निवडलं होतं आणि कडेचे ठिपके मी त्याला काढायला लावले होते. तू ते चार थरांच्या खाली दडपलेस, पण दोन ठिपके बाहेर राहिलेत. हा चपलेचा तळ आहे. अंगठ्याच्या वादीची भोकं ज्या बाजूला आहेत त्यावरून हा उजव्या पायाचा तळ आहे. आणि त्याच्यावर अंगठ्याचा ठसा नाही. एकदाही पायात घातलेली नाही.

कुणी हौसेनं नवी चप्पल कापत नाही. कापली तर जोडी कापील. नुसती उजवी कोण कापतं, ते मला कुणी शिकवायला नको. तुझे दाजी दवाखान्यातून आले तेव्हा माझ्या दारात एकच चप्पल असायची. मी दुसरी पाण्याच्या टाकीमागे लपवली होती.

शिवाय हा टाका तुझा नाही. शिवण संपवताना तू तीन टाके मागे घेतोस, लहानपणापासून. या शिवणीचा दोरा नुसता कापलाय. दुसऱ्याच्या हाताचा टाका मला पाठवलास आणि मी स्वतः बसलो म्हणून लिहिलंस.

त्या कारागिराला आशा लावू नकोस, असं मी तुला लिहिलं. तू ते वाचलंस. मला हे लिहू दिलंस, अंकुश.

शुभदालाही माहीत होतं, हे तिच्या तोंडावरून कळलं. माझ्या घरात मी एकटीच बहिरी आहे असं मला वाटत होतं.

कुठून कापला, तेवढं लिही.

वेणू

*

नावडे,
२० जानेवारी २०२४

ती. अक्कास,
जय भीम.

उजवा. गुडघ्याच्या खाली, चार बोटं सोडून. सप्टेंबरात. दुकानातली पिन लागली, कळलं नाही.

तुला घाबरून लपवलं असं म्हणू का? तुला नाही, दाजींना घाबरलो. त्यांचा पाय गेल्यावर ते किती दिवस राहिले ते आपण दोघांनीही मोजलेले आहेत. तू पण तेच मोजायला लागली असतीस, आणि तू मोजतेयस हे मला कळलं असतं.

दुकानात मी खरंच गेलो होतो. मशीनवर बसलोही. डावा पाय पॅडलवर ठेवला आणि तो तिथे नुसता पडून राहिला. दाबतोय म्हणून समजलो तर दाबत नव्हता, आणि मग एकदम दाबला. चार थरांतून सुई मोडून तुकडा उडाला. रूपेशने दुसरी सुई घातली आणि स्वतः शिवून दिलं. मोठं तोंड त्याचं, पण तेव्हा गप्प बसला. चप्पल मी मुद्दाम नेली होती. घरात त्यापेक्षा चिवट कातडं नव्हतं हे एक, आणि कपाटावर ती बघून बघून मला तिचा राग आला होता हे दुसरं.

मशीन आलंय. मेकॅनिकने पॅडल डावीकडे सरकवून दिलं. नकली पाय पण आला, तो अजून गुडघ्याखाली घासतो, मशीनवर बसताना काढून ठेवतो. रोज अनवाणी बसतो, तू शिकवलंस तसा, पॅडल तळपायाला कळेल म्हणून. त्याला नाही कळत, अक्का. माझा डावा पाय बावळट आहे. खारघरच्या एका गिऱ्हाईकाचं लेदर घेतलं होतं, चांगलं, वासाचं. त्याच्या मधोमध टाका असा वाकडा गेला की बघून मला रडू आलं. लेदरला चूक माफ नसते. कापडाची शिवण उसवता येते, लेदरचं भोक कायमचं. गीता म्हणते दमाने घ्या. मला मशीन परत द्यावंसं वाटतंय.

रागावलीस तरी पत्र लिही.

तुझा,
अंकुश

*

वसमत,
१७ मार्च २०२४

ती. मामींस,
शुभदाचा सप्रेम जय भीम वि. वि.

आई मामांना पत्र का लिहीत नाही असं तुम्ही विचारलंत. ती माझ्याशीही धड बोलत नाही. मामांचं पत्र आलं त्या दिवशी ती जेवली नाही. अनवाणी बसायला मीच शिकवलं, एवढंच एक वाक्य घरभर म्हणत फिरली. मी म्हटलं, शिवणारी सगळी माणसं अनवाणी बसतात. ते तिला ऐकू गेलं नाही, किंवा ऐकायचं नव्हतं.

नंतर तिने एक वेगळंच सुरू केलंय. माळ्यावरचं तिचं पायमशीन खाली काढायला लावलं. पट्टा घातला, तेल दिलं. रोज दुपारी उजवा पाय स्टुलाखाली दुमडून बसते आणि नुसत्या डाव्या पायाने पॅडल मारते. आधी चाक उलटंच फिरायचं. दोरा तुटायचा, आई पॅडलला शिव्या द्यायची. गुडघा सुजला, तरी हळद लावून पुन्हा बसली. मी विचारलं हे कशासाठी, तर म्हणाली, तो बावळट म्हणतोय त्या पायाला नेमकं काय होतं ते मला बघू दे, मग लिहीन.

परवा तिने एक सरळ शिवण घातली. मला दाखवली नाही, घडी करून उशीखाली ठेवली.

मामांचं लक्ष कशात आहे? ते मशीनवर बसतात का अजून? तुम्ही स्वतःलाही जपा. लोभ ठेवावा.

तुमची,
शुभदा

*

वसमत,
१४ एप्रिल २०२४

चि. अंकुश यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद. जयंतीच्या दिवशी लिहायला बसलेय, बाहेर ढोल चाललाय असं शुभदा म्हणते. मला खिडकीच्या काचेला हात लावला की कळतो.

बरेच दिवस लिहिलं नाही. रागावले होते, खोटं कशाला बोलू? तुझ्यावर कमी, माझ्यावर जास्त.

तुझा पाय बावळट नाही. मी बसून बघितलं. उजवा पाय पॅडलवर टेकतो तेव्हा जमिनीवर भार डावा धरतो, ते आपल्या लक्षात नसतं. आता डावा पॅडलवर गेला, तर भार धरायला तुझ्याकडे दुसरा पाय नाही, म्हणून तो घाबरून एकदम दाबतो. तेव्हा नकली पाय काढून ठेवत जाऊ नकोस. घासला तरी आत मऊ फडकं घाल आणि जमिनीवर टेकव. खुर्चीला उजव्या बाजूला हात असू दे. आधी दोरा न घालता नुसतं चालवायला शीक, मग कागदावर भोकं पाड, मग रेक्झिन. लेदर सगळ्यात शेवटी.

पार्सलमध्ये डावी चप्पल आहे. एकटीच. ज्ञानू एक करायला तयार नव्हता, एकटी चप्पल करणं बरं दिसत नाही म्हणाला. मी त्याला सांगितलं की माझ्या भावाला एकच लागते, आणि मग त्याने कातडं कापायला घेतलं. तळाला रबर पातळ लावलंय, पॅडल त्यातून कळेल. ती घालूनच मशीनवर बसायचं. अनवाणी बस असं मी शिकवलं होतं. ते मी मोडते. माझं ते शिकवणं चुकीचं होतं. त्या दुकानात तळवा उघडा टाकायचा नाही, डाव्याचा तर कधीच नाही. धम्मचक्र दिनापर्यंत थांबले नाही, नेमापेक्षा पाय मोठा.

उजव्याचं कातडं कापलं नाही, सपाट तुकडाच पाठवलाय. त्याच्यावर टाका घाल आणि मला पाठव. सरळ येईपर्यंत थांबू नकोस. वाकडा आला तर वाकडाच पाठव. गीताचा नको, त्या रूपेशचा नको. आणि जे असेल ते लिही. यापुढे माझ्यापासून काही झाकलंस तर मी कातड्यावरून ओळखीनच, पण मला तसं ओळखायला लावू नकोस.

ये म्हटलंस तर मी येईन. गुडघा धड नाही, पण येईन.

माया कमी झाली नाही रे. पत्र लवकर लिही.

तुझी,
अक्का

*

नावडे,
९ मे २०२४

ती. अक्कास,
सप्रेम जय भीम वि. वि.

टाका पाठवतोय. माझा आहे. चप्पल घालून, नकली पाय जमिनीला टेकवून, डाव्या पायाने. सुरुवातीला वाकडा आहे, मध्ये एके ठिकाणी दोन टाके एकमेकांवर चढलेत, तिथे पाय घाबरला. तुकड्याच्या शेवटाकडे बघ. शेवटची वीतभर शिवण सरळ आहे आणि तीन टाके मागे घेतलेत. ते घेताना गीता शेजारी उभी होती, तिने तोंडाला पदर लावला.

तू जसं सांगितलंस तसंच झालं. भाराचं खरं होतं. मशीन परत द्यायचं मी आता बोलत नाही. खारघरवाल्याला त्याच्या लेदरचे मी पैसे देऊ केले, तर त्याने घेतले नाहीत. पुढच्या सीटचं काम दिलं आणि म्हणाला, काका, घाई नाही.

जे असेल ते लिही म्हणालीस, म्हणून पुढचं लिहितो. तुझी चप्पल यायच्या आधी जानेवारीपासून मी डाव्या पायाने अनवाणी बसत होतो, हे तुला माहीत आहे. दुकान रोज झाडायचो, तरी एखादी पिन राहते. डाव्या अंगठ्याच्या खाली एक जखम झालीय. कधी झाली ते मला कळलं नाही. गीताने बघितली तेव्हा कडा काळी होती. डॉक्टर औषध देतायत, रोज धुऊन पट्टी बांधतायत. सोमवारी पुन्हा बघणार, मग ठरवणार. काय ठरवणार ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. चप्पल पट्टीवरून घालतो, ती मापात बसते. या वेळी खरं सांगतोय.

मशीनवर बसू नका म्हणालेत. हा टाका त्याच्या आदल्या दिवशीचा आहे. त्यानंतर मी मशीनवर कापड झाकलंय. सकाळी ते दिसतं आणि मला दाजींची तीनचाकी दिसते. मला भीती वाटते, अक्का. पहिल्यांदा वाटली नव्हती एवढी वाटते.

तू येईन म्हणाली होतीस. ये. सोमवारच्या आधी आलीस तर बरं, नंतर आलीस तरी ये. डॉक्टर काहीही ठरवोत, हात आहेत माझे, ते लेदर धरतात. पॅडल कुठे सरकवायचं ते मेकॅनिकला माहीत आहे, तुझ्या गुडघ्याला सोसेल एवढी मोटर हलकी आहे. तू पाय ठेव, मी माल धरतो.

ऐकू येत नाही म्हणून टेन्शन घेऊ नकोस. थांब म्हणायचं झालं की मी तुझ्या गुडघ्याला हात लावीन.

वाट बघतोय.

तुझा,
अंकुश